वाचकांचे प्रश्न: वासराचे जंत वेगळे, गाईचे वेगळे

या वेळी जंतांवरची पत्रं एवढी आलीत की बाकीचे विषय बाजूला ठेवले. सगळी पत्रं वाचून एक गोष्ट लक्षात आली, जवळपास प्रत्येकाने औषधाचं नाव लिहिलंय, किती मिली पाजलं तेही लिहिलंय, पण जनावराचं वय मात्र निम्म्या लोकांनी लिहिलेलंच नाही. आणि मला सगळ्यात आधी वयच हवं असतं. ज्यांनी लिहिलं नव्हतं त्यांना परत विचारून घेतलं आणि मग उत्तरं लिहिली.

प्रश्न: डॉक्टर, आमची वासरी ११ दिवसांची आहे. ४ दिवस झाले पिवळं पाण्यासारखं हगतेय. जंत असतील म्हणून जंताचं औषध पाजलं, काही फरक नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत पाजलं. आता तर धड उठत पण नाहीये. अजून कुठलं स्ट्राँग जंताचं औषध आहे का?

दादा, तुम्हाला हे मी पत्र आल्या आल्या कळवलंच होतं, अंक छापून येईपर्यंत वासरी थांबणार नव्हती. पण असं पत्र दरवेळी येतं म्हणून बाकीच्यांसाठी लिहितो.

साधा हिशोब करा. पोटातले बहुतेक गोल जंत आत गेल्यापासून मोठे व्हायला साधारण ३ आठवडे घेतात. वासरी ११ दिवसांची आहे आणि हगवण सातव्या दिवशी सुरू झाली, म्हणजे जंतांना मोठं व्हायला वेळच मिळालेला नाही. एखादा अपवाद आहे पण पहिल्या २ आठवड्यांतल्या हगवणीत जंताचं औषध हे जवळजवळ नेहमीच चुकीच्या दारावरची थाप असते. या वयात बघायचं ते क्रिप्टोस्पोरिडियम, रोटा आणि कोरोना व्हायरस, आणि अगदी पहिल्या ४-५ दिवसांत असेल तर ई. कोलाय. यातला क्रिप्टो हा परजीवीच आहे, पण जंत नाही, एका पेशीचा जीव आहे, मायक्रोस्कोपशिवाय दिसत नाही आणि फेनबेंडाझोल आयव्हरमेक्टिन वगैरे जंताच्या कुठल्याही औषधाला दाद देत नाही. साधारण ५ दिवसांपासून ते ३-४ आठवड्यांपर्यंतची वासरं याच्या तावडीत सापडतात, लहान आतड्याच्या आतली मखमल झिजवून टाकतो, मग प्यायलेलं दूध पचत नाही आणि पाणी शोषलं जात नाही.

वासरू मरतं ते क्रिप्टोने कमी, पाणी कमी झाल्याने जास्त. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच सपाट झाली नाही, डोळे खोल गेलेत, तोंड आतून गार लागतंय, म्हणजे पाणी भरपूर गेलंय. ४० किलोच्या वासराचं १० टक्के पाणी गेलं तर ते ४ लिटर होतं, एवढी तूट एका बाटलीने भरत नाही. वासरांसाठीचं इलेक्ट्रोलाइट एका वेळी २ लिटर, दिवसातून २-३ वेळा, दुधाच्या वेळा सोडून मधल्या वेळेत. दूध बंद करू नका!! हगवण लागली की दूध तोडायचं ही जुनी सवय आहे आणि त्याने वासरू उपाशी मरतं, दूध चालूच ठेवायचं, थोडं थोडं जास्त वेळा द्या. उठत नसेल, चोखत नसेल तर मात्र घरगुती काही नको, शिरेतून सलाईन लागतं, डॉक्टरला बोलवा.

क्रिप्टोवर हॅलोफ्यूजिनोन नावाचं औषध मिळतं, ७ दिवस द्यायचं असतं, पण ते आजार येऊ नये किंवा कमी यावा म्हणून जास्त उपयोगी आहे, दूध पाजल्यावरच द्यायचं आणि पाणी कमी झालेल्या मरगळलेल्या वासराला द्यायचं नाही. डोस दुप्पट झाला तर विषबाधा होते, त्यामुळे अंदाजपंचे नको.

प्रश्न: वासरं आजारी असताना आमची लहान मुलं गोठ्यात खेळतात. त्यांना हे लागू शकतं का?

हो, क्रिप्टो लागतो. आजारी वासराच्या शेणातून रोज कोट्यवधी बीजं बाहेर पडतात आणि ती पडल्या क्षणापासून दुसऱ्याला लागण करायला तयार असतात. नेहमीच्या क्लोरीनच्या पाण्याने मरत नाहीत, मरतात ती कडक वाळवणाने आणि उकळत्या पाण्याने. म्हणून हगवण लागलेलं वासरू वेगळं, त्याची बादली वेगळी, त्याचं काम सगळ्यात शेवटी, आणि हात साबणाने वाहत्या पाण्याखाली. ज्यांच्या घरात आजारी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं माणूस आहे त्यांनी तर त्या माणसाला या वासरांच्या जवळ जाऊच देऊ नये. कालवडींच्या पोटातले नेहमीचे गोल जंत मात्र माणसाला सहसा लागत नाहीत.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझ्या २५ दिवसांच्या वासराच्या शेणात वीतभर लांब, गांडुळासारखे पांढरट जंत पडले, ४-५ होते. अजून त्याने चाऱ्याला तोंडही लावलेलं नाही, फक्त आईचं दूध पितंय. सासूबाई म्हणतात माती चाटली असणार. शेजारचे म्हणतात चिकातूनच जंत येतात. मग पुढच्या वेताला चीक काढून टाकू का?

ताई, शेजारच्यांचं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धंच फार धोकादायक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हे टोक्सोकारा व्हिट्युलोरम. वासरांच्या जंतांमधला सगळ्यात आडदांड, पूर्ण वाढलेला २५-३० सेंटिमीटरपर्यंत जातो. म्हशीच्या रेडकांमध्ये तर हा फार सापडतो. याची चाल अशी आहे की गाय चरताना किंवा गोठ्यातलं काही चाटताना मातीतली अंडी गिळते, अंड्यातून अळी निघते पण गाईच्या आतड्यात ती मोठी होत नाही, ती निघून जाते गाईच्या अंगात, मांसात, यकृतात वगैरे, आणि तिथे गप्प पडून राहते. गाय शेवटच्या दिवसांत आली की या अळ्या जाग्या होतात आणि कासेकडे सरकतात. वासरू जन्मलं की चिकातून आणि पहिल्या काही दिवसांच्या दुधातून त्या वासराच्या पोटात. म्हणून तर चाऱ्याला तोंड न लावलेल्या वासराच्या पोटात एवढे मोठे जंत! मग ३ आठवड्यांत ते मोठे होतात, शेणातून हजारोंनी अंडी पडायला लागतात, ती गोठ्याच्या मातीत मिसळतात, गाय परत चाटते आणि चक्र चालू. अंड्याचं कवच जाड असतं, ओल्या सावलीच्या जागेत ती महिनोन्‌महिने टिकतात.

आता चीक काढून टाकायचा का, तर अजिबात नाही. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगांशी लढणारी प्रतिद्रव्यं जवळजवळ नसतात, ती त्याला फक्त चिकातूनच मिळतात आणि तीही पहिल्या काही तासांतच, कारण नंतर आतड्याचं दार बंद होत जातं. जंताला औषध आहे, चीक न मिळालेल्या वासराला औषध नाही. वजनाच्या १० टक्के चीक, जितका लवकर तितका चांगला, यात तडजोड नको.

उपाय दुसराच आहे आणि सोपा आहे. वासरू १० ते १६ दिवसांचं असताना जंताचं औषध द्यायचं. पायरँटल या कामाला चांगलं, कारण ते आतड्यात नुकत्याच पोचलेल्या लहान जंतांवरही चालतं. या वेळेला दिलं की जंत अंडी घालायच्या आधीच जातात, म्हणजे वासरूही वाचतं आणि गोठ्याची मातीही. लोक काय करतात, वासराचं पोट सुटलं, शेण चिकट मातकट आणि घाण वासाचं झालं, तोंडाला आंबूस वास यायला लागला, जंत दिसले, की मग औषध देतात, तेव्हा दीड दोन महिने झालेले असतात आणि अंडी पसरून झालेली असतात. शिवाय आतडं जंतांनी गच्च भरलेलं असताना एकदम सगळे मारले की कधी कधी त्यांचाच बोळा होऊन आतडं तुंबतं. तुमचं वासरू २५ दिवसांचं आहे, ४-५ पडलेत म्हणजे आत अजून आहेत, आजच डॉक्टरकडून वजनाप्रमाणे औषध घ्या.

गाईला औषध देऊन हे थांबेल का असं काहींनी विचारलंय. मांसात लपलेल्या अळ्यांपर्यंत नेहमीची औषधं नीट पोचत नाहीत, त्यामुळे त्यावर विसंबू नका, वासरालाच द्या. आणि गंमत म्हणजे ४ ते ६ महिन्यांचं झालं की वासरू हे जंत स्वतःच टाकून देतं. म्हणून ७-८ महिन्यांच्या कालवडीत “ते मोठे पांढरे जंत” शोधत बसू नका, तिथे खेळ वेगळाच असतो.

सासूबाईंना सांगा, मातीचा संबंध आहेच, फक्त माती वासराने नाही, गाईने चाटलेली आहे :)

प्रश्न: अडीच महिन्यांची ५ वासरं एकत्र बांधतो. नुकतंच दूध तोडलंय. एकाच्या शेणातून रक्त आणि आव पडतेय, शेपूट वर करून सारखं कुंथत राहतं. अल्बेंडाझोल दोनदा दिलं. शेण तपासलं तर रिपोर्टमध्ये काहीच नाही आलं. मग हे आहे तरी काय?

वय अडीच महिने, दूध नुकतंच तोडलेलं, रक्त, कुंथणं. पत्रातल्या या चार गोष्टी वाचल्या की कॉक्सिडिया डोक्यात येतोच. आपल्याकडे बरेच जण याला रक्ती हगवण म्हणतात. हाही जंत नाही, आयमेरिया नावाचा एकपेशीय जीव, गाईगुरांत त्याच्या डझनभर तरी जाती आहेत पण खरा त्रास देणाऱ्या दोनच, आयमेरिया बोव्हिस आणि आयमेरिया झुर्नी. अल्बेंडाझोल दोनदा काय दहादा दिलं तरी याला काही होत नाही.

रिपोर्ट निगेटिव्ह का आला ते समजून घ्या कारण यात बरेच जण फसतात. वासराने बीजं गिळली की तो जीव आतड्याच्या पेशीत शिरतो आणि तिथे वाढतो. बोव्हिसची पहिली पिढी एवढी फुगते की आतड्यावर नुसत्या डोळ्यांनी टिपके दिसतात, आणि अशा एका टिपक्यातून लाखभर पिल्लं फुटून बाहेर पडतात, ती पुढे मोठ्या आतड्याच्या पेशींवर तुटून पडतात. रक्त येतं ते तेव्हा. पण शेणातून बीजं पडायला गिळल्यापासून १५ ते २१ दिवस लागतात, म्हणजे कधी कधी रक्त आधी आणि बीजं दोन दिवस नंतर. तुम्ही शेण नेमकं मधल्या दिवसांत दिलं असणार. २-३ दिवसांनी परत द्या, आणि एकाचं नको, पाचही वासरांचं द्या. उलटंही होतं बरं का, ठणठणीत वासराच्या शेणात पण थोडी बीजं सापडतात, म्हणून नुसता पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊनही धावपळ करायची नसते, वासरू आणि रिपोर्ट दोन्ही शेजारी ठेवून बघायचं.

औषधं आहेत. टोल्ट्राझुरिल एकच डोस, किलोला १५ मिलीग्रॅम, डायक्लाझुरिल एकच डोस, किलोला १ मिलीग्रॅम, किंवा अँप्रोलियम किलोला १० मिलीग्रॅम रोज असं ५ दिवस, काही डॉक्टर सल्फाची औषधं पण वापरतात. पण खरं सांगायचं तर रक्त दिसलेल्या वासराचं आतडं तोपर्यंत सोलवटून झालेलं असतं, औषधाने लागण थांबते, आतडं मात्र स्वतःच्या वेगाने भरतं. औषधाचा खरा फायदा त्याच्या शेजारच्या चार वासरांना होतो ज्यांना अजून काही दिसत नाहीये, त्यांनीही तीच बीजं गिळलेली आहेत, म्हणून पाचही वासरांना द्यायचं. तुमच्याकडे दरवेळी दूध तोडल्यावर तिसऱ्या आठवड्यात हे येत असेल तर पुढच्या वेळी दुसऱ्या आठवड्यातच द्या.

आणि जागा. बीजं शेणातून पडली की लगेच लागण करत नाहीत, त्यांना ओल, ऊब आणि हवा मिळून २ ते ४ दिवस लागतात तयार व्हायला. म्हणजे रोज शेण काढलं, खालची जागा कोरडी ठेवली तर अर्धी लढाई तिथेच संपते. फिनेल टाकून उपयोग नाही, बहुतेक जंतुनाशकांना ही बीजं भीक घालत नाहीत, ऊन आणि कोरडेपणा यांनाच घाबरतात. पाण्याची बादली आणि गव्हाण शेण उडणार नाही एवढ्या उंचीवर हवी. दूध तोडणं, जागा बदलणं, नवीन वासरांत मिसळणं, प्रवास हे सगळं एकाच आठवड्यात करू नका, त्या ताणातच हा आजार उसळतो.

एखादं वासरू मान टाकून झटके द्यायला लागलं, तर तो झुर्नीमुळे मेंदूवर परिणाम झालेला प्रकार असू शकतो, तिथे एक मिनिट पण थांबू नका.

प्रश्न: १० ते १४ महिन्यांच्या ७ कालवडी रोज चरायला सोडतो. खातात भरपूर पण अंग धरत नाहीत, केस राठ आणि उभे, पोट सुटलेलं, दोघींच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी आल्यासारखी सूज. वर्षाच्या वासरांना एवढे जंत कसे, लहान असताना दिले होते की औषध!

लहान असताना दिलेलं औषध त्या वेळच्या जंतांसाठी होतं. औषध म्हणजे लस नाही, २-३ दिवसांत (काही औषधं काही आठवडे) अंगातून उतरतं आणि दुसऱ्या दिवशी कालवड परत त्याच कुरणात तोंड घालते.

इथे मंडळी वेगळी. हिमोंकस, ऑस्टरटॅजिया, कूपेरिया, ट्रायकोस्ट्राँगायलस, इसोफॅगोस्टोमम, अशी लांबलचक नावं. यातले पहिले दोन खरं तर आतड्यात नाही तर चौथ्या पोटात राहतात, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळेच पोटातले जंत. उष्ण भागात हिमोंकसचा जोर, थंड भागात ऑस्टरटॅजियाचा. हिमोंकस रक्त पितो, एक जंत दिवसाला ०.०५ मिली, ऐकायला काहीच नाही, पण असे २००० असले तर रोज १०० मिली रक्त गेलं, आणि हे रोज. रक्तातलं प्रोटीन कमी झालं की पाणी रक्तात थांबत नाही, खाली मान घालून चरणाऱ्या जनावराच्या जबड्याखाली ते साठतं, तीच तुमची पिशवी. ज्या दोघींना ती आहे त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघा, पांढरी फटक दिसेल. ऑस्टरटॅजिया रक्त पीत नाही, तो पोटातल्या आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथींत घुसतो, आम्ल कमी झालं की खाल्लेलं प्रोटीन पचत नाही, म्हणून “खातात भरपूर पण अंग धरत नाहीत”. (जबड्याखालची सूज यकृतातल्या चपट्या जंतांनीही येते, त्याचं पुढच्या उत्तरात लिहिलंय.)

वर्षाच्याच कालवडी का, तर प्रतिकारशक्ती. वासरू दूध पितं तोवर गवत कमी खातं, जंत कमी जातात. चरायला सुटलं की पहिल्यांदाच ओळख होते आणि अंगाला लढायची सवय नसते. कूपेरियाविरुद्ध पहिल्या चराईच्या मोसमातच बऱ्यापैकी ताकद येते, ऑस्टरटॅजियाला मात्र दोन मोसम लागू शकतात. तोवर या कालवडीच कुरणातला जंतांचा कारखाना असतात. म्हणजे सगळा घोळ साधारण ६ महिने ते २ वर्षं या वयात, आणि नेमकं याच वयाकडे सगळ्यात कमी लक्ष असतं कारण दूध देत नाहीत ना. पण कालवड माजावर येते ती वयापेक्षा वजनावर, मोठ्या गाईच्या वजनाच्या ५५-६० टक्के झाली की भरवायची असते, आणि जंतांनी २-३ महिने वाढ खाल्ली की पहिलं वेत तेवढंच पुढे गेलं. जंतांचा खरा खर्च हा आहे, औषधाची बाटली नाही.

आता काय करायचं. सातही जणींचं शेण तपासून घ्या, जमिनीवरचं नको, हातमोजा घालून गुदद्वारातून काढलेलं ताजं, डबी गच्च भरून, थंड ठेवून, पण फ्रीजरमध्ये नाही. गरम राहिलं तर अंडी डबीतच फुटतात आणि रिपोर्ट खोटा येतो. लॅबला ग्रॅममागे किती अंडी ते मोजून मागा, नुसतं “जंत आहेत” असं लिहिलेला रिपोर्ट काही कामाचा नाही. जबड्याखाली सूज असलेल्या दोघींसाठी रिपोर्टची वाट बघू नका, त्यांना आधी उपचार.

कुरणाचं सांगायचं तर शेणातल्या अंड्यातून लागण करणारी अळी तयार व्हायला उबदार ओल्या हवेत साधारण एक ते दोन आठवडे पुरतात. ती दवाच्या पाण्यातून गवतावर चढते, पण फार वर नाही, बहुतेक अळ्या खालच्या ५-१० सेंटिमीटरमध्येच असतात. म्हणून गवत बुडापर्यंत कुरतडलं जाईल एवढी जनावरं एका तुकड्यात सोडू नका. जनावर पोट भरलेलं असेल तर स्वतःच्या शेणाशेजारचं गवत आपोआप टाळतं, उपाशी असेल तर तेही खातं. कालवडींना ज्या तुकड्यात मागच्या मोसमात कालवडीच होत्या तिथे परत सोडू नका, तिथे मोठ्या गाई चारा, त्यांना तेवढा त्रास होत नाही, आणि कालवडींना कापणी झालेल्या किंवा नांगरून नव्याने चारा केलेल्या जागेत न्या. कडक कोरड्या उन्हात अळ्या काही आठवड्यांत संपतात, ओल्या थंड जागेत महिनोन्‌महिने जिवंत राहतात.

प्रश्न: ६ वर्षांची गाय, खाते पिते, पण गेले ३ महिने पातळ हगते आणि हाडं दिसायला लागलीत. तीन वेळा तीन वेगळी जंताची औषधं झाली.

६ वर्षांच्या गाईला नुसत्या गोल जंतांनी एवढं होणं मला पटत नाही. या वयात दोन गोष्टी आधी बघा. एक, चपटे जंत, यकृतातला फॅसिओला आणि पोटातले अँफिस्टोम, कारण त्यांच्याविरुद्ध गाय गोल जंतांसारखी पक्की प्रतिकारशक्ती तयार करत नाही. हे गोगलगायींमधून येतात, पाणथळ कडेचं गवत, तुंबलेल्या पाण्याकाठचा हिरवा चारा, त्यामुळे बांधून खाणाऱ्या गाईलाही होतात. आयव्हरमेक्टिन यांना मारत नाही, फेनबेंडाझोलचाही यांच्यावर भरवसा नाही. लॅबला आवर्जून सांगा की चपट्या जंतांसाठी पण बघा, त्यांची अंडी जड असतात, तरंगवण्याच्या टेस्टमध्ये वर येतच नाहीत, तळाला बसवून बघावी लागतात. अँफिस्टोमची पिल्लं लहान आतड्यात असतात तेव्हा तर शेणात अंडी नसतातच, नुसती घाण वासाची पातळ हगवण असते, हे तरुण जनावरांत जास्त. त्यावर ऑक्सिक्लोझानाइड चालतं.

दोन, जोन्स डिसीज. भूक चांगली, ताप नाही, हगवण थांबत नाही, गाय खंगत जाते, वय ३ वर्षांच्या पुढे, तुमचं वर्णन तंतोतंत जुळतंय. हा बॅक्टेरियाचा आजार आहे, लागण वासरपणी होते आणि दिसतो वर्षांनंतर. रक्त आणि शेण तपासा, आणि तोपर्यंत हिचं शेण आणि दूध वासरांपासून लांब ठेवा. चौथं जंताचं औषध कृपया नको.

प्रश्न: तुम्ही डॉक्टर लोक उगाच घोळ घालता. मी कित्येक वर्षं दर ३ महिन्यांनी गोठ्यातल्या सगळ्यांना एकाच दिवशी एकच औषध देतो, वासरू असो की दुभती गाय. काय बिघडलं?

बिघडलंय की नाही ते तुम्हाला कसं कळणार, तुम्ही मोजलंच नाही. रागावू नका, पण तुमच्या वेळापत्रकात १५ दिवसांच्या वासराची वेळ जुळली तर जुळली, नाहीतर ते अडीच महिन्यांचं होईपर्यंत तसंच. कॉक्सिडियाला ते औषध लागूच नाही. आणि धडधाकट दुभत्या गाईला बहुतेक वेळा गरजच नाही.

दुभत्या गाईत जंत असतात, नाही असं नाही. पण तिचं अंग त्यांना दाबून ठेवतं, अंडीही फार घालू देत नाही, म्हणून मोठ्या गाईच्या शेणात अंडी शून्य आली तरी जंत शून्य असं नसतं आणि तो आकडा वासरांसारखा वाचायचा नसतो. चरणाऱ्या गाईंना औषध देऊन दूध किती वाढतं यावर पुष्कळ प्रयोग झालेत, सरासरी निघते ती दिवसाला अर्ध्या लिटरच्या आसपास, कुठे जास्त कुठे काहीच नाही. पूर्ण वेळ बांधून असलेल्या गाईंत तर त्याहून कमी अपेक्षा ठेवा. द्यायचंच असेल तर विण्याच्या आसपासचा काळ बरा, तेव्हा प्रतिकारशक्ती जरा ढिली पडते.

दुधाचं मात्र गांभीर्याने घ्या. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दुभत्या गाईला द्यायचं नसतं, ते दुधात खूप दिवस उतरत राहतं. पाठीवर ओतायचं एप्रिनोमेक्टिन दुभत्या गाईंसाठीच बनवलंय आणि त्याला दूध टाकावं लागत नाही. बाकी प्रत्येक बाटलीवर किती दिवस दूध वापरायचं नाही ते लिहिलेलं असतं, ते पाळा. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या ४५ दिवसांत नको, पोटातल्या वासराला व्यंग येऊ शकतं. तुम्ही सगळ्यांना एकाच दिवशी देता तेव्हा नुकतीच भरवलेली गाय त्यात असतेच ना?

आणि शेवटचं म्हणजे औषधाला न जुमानणारे जंत. आयव्हरमेक्टिन बाजारात आलं १९८१ साली, मूळ सापडलं जपानमधल्या मातीच्या एका नमुन्यातल्या जिवाणूत, त्याच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. एवढं भारी औषध, आणि आज जगभर गाईंमधले कूपेरिया त्याला दाद देईनासे झालेत. कारण हेच, सगळ्यांना, सारखं, तेच. औषधाच्या दिवशी जे जंत वाचतात त्यांचीच पिल्लं कुरणात उरतात. म्हणून गटातली ठणठणीत जनावरं मुद्दाम सोडून द्यायची, त्यांच्या शेणातून साधे, औषधाने मरणारे जंत कुरणात येत राहतात आणि हट्टी जंतांचं प्रमाण कमी राहतं. विचित्र वाटतं ऐकायला, मलाही पहिल्यांदा वाटलं होतं.

प्रश्न: वजनकाटा नाही. डोस कसा ठरवायचा? आम्ही अंदाजाने देतो.

अंदाज जवळपास नेहमीच कमी पडतो, आणि कमी डोस हा हट्टी जंत तयार करायचा सगळ्यात सोपा मार्ग. टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात मोजा, खांद्याच्या टोकापासून मागच्या बसायच्या हाडापर्यंत लांबी इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, उत्तर किलोत. म्हणजे घेर ६० आणि लांबी ५० असेल तर साधारण २७३ किलो. गटाला एकच डोस द्यायचा असेल तर सरासरीवर नको, सगळ्यात जड जनावरावर ठरवा, पण लेव्हामिसोल असेल तर असं करू नका, त्यात जास्तीचं सहन होत नाही, तिथे प्रत्येकाचं वेगळं मोजा. पाजताना मान फार वर ओढू नका, औषध फुप्फुसात गेलं तर जंतांपेक्षा वाईट.

औषध लागू पडलं का ते बघायचं असेल तर देण्याच्या दिवशी शेण तपासा आणि १० ते १४ दिवसांनी त्याच जनावरांचं परत. अंडी ९५ टक्क्यांपेक्षा कमी घटली तर एकतर डोस कमी पडला, नाहीतर औषधच लागू पडत नाही.

प्रश्न: ५ महिन्यांच्या वासराच्या शेणात शिजलेल्या भाताच्या शितांसारखे पांढरे तुकडे दिसतात. भीती वाटतेय.

मोनिझिया, म्हणजे पट्टीसारखा जंत, शितं म्हणजे त्याचे तुटलेले तुकडे. गवतावरच्या बारीक किड्यांमधून येतो. दिसायला किळसवाणा, पण वासराला त्याचा त्रास फारसा होत नाही आणि वर्ष उलटलं की बहुतेकदा आपोआप जातो. वासरू नीट वाढत असेल तर सोडून द्या. नीट वाढत नसेल तर दोष या शितांना देऊ नका, शेण तपासून बाकीच्यांना शोधा.